जुनी गाडी घेताना : ठेव मोडण्याआधी

मुदत ठेवीची पावती कपाटातून बाहेर काढण्याची वेळ घरात फार थोड्या वेळा येते. लग्न, दवाखाना, घराची डागडुजी आणि अलीकडे बऱ्याच घरांत गाडी. नवी परवडत नाही, म्हणून जुनी. कोणीतरी सांगतो, "ओळखीतली आहे, एकहाती वापरलेली, डॉक्टरांची गाडी." (जुन्या बाजारातल्या इतक्या गाड्या डॉक्टरांच्याच कशा असतात, हे कोडे अजून कोणाला सुटलेले नाही.) रविवारी गाडी पाहायची आणि आवडली तर सोमवारी बँकेत जाऊन ठेव मोडायची, असा बेत ठरतो.

हा लेख त्या रविवार आणि सोमवारच्या मधल्या वेळेसाठी आहे. जुनी गाडी घेणे वाईट नाही. नव्या गाडीची किंमत पहिल्या चार-पाच वर्षांत झपाट्याने उतरते. ती घट पहिल्या मालकाने सोसलेली असते, म्हणून सांभाळलेली पाच-सहा वर्षांची गाडी हा मध्यम कमाईच्या घरासाठी बहुतेक वेळा शहाणपणाचा सौदा ठरतो. पण नव्या गाडीसोबत कंपनीची हमी येते, जुनीसोबत फक्त विकणाऱ्याचा शब्द येतो. तो तपासण्याचे काम तुमचे.

आधी हिशेब, मग गाडी

समजा, तुमच्याकडे ३ लाखांची ठेव आहे आणि तुम्ही ३ लाखांची गाडी शोधत आहात. चूक इथेच होते. गाडीची किंमत आणि गाडी रस्त्यावर नीट आणण्याचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक नमुना हिशेब पाहा. आकडे धरून चाललेले आहेत, तुमच्या गावचे भाव तुम्ही घाला. गाडी २,४०,००० रुपये. नावावर करण्याचा खर्च एजंटसह ५,०००. विमा ९,०००. चार टायर प्रत्येकी ४,५०० प्रमाणे १८,०००. बॅटरी ५,०००. ऑइल, फिल्टर, ब्रेक आणि किरकोळ दुरुस्ती मिळून १५,०००. बेरीज २,९२,०००. म्हणजे ३ लाख हातात असतील, तर तुमची गाडी २ लाख ४० हजारांची आहे, ३ लाखांची नाही. टायर आणि बॅटरी चांगल्या निघाल्या, तर ते पैसे वाचले असे समजा. त्यांच्या भरवशावर किंमत वाढवून देऊ नका.

दुसरा हिशेब महिन्याचा. महिन्याला ८०० किलोमीटर धावणारी, लिटरला १६ देणारी गाडी ५० लिटर पेट्रोल पिते. लिटरचा भाव १०५ रुपये धरला, तर ५,२५० रुपये झाले. विम्याचे महिन्याकाठी ७५०, सर्व्हिसिंगचे १,०००, पार्किंगचे १,०००, पुढच्या टायर-बॅटरीसाठी बाजूला ५००. एकूण ८,५०० रुपये, म्हणजे वर्षाला १,०२,०००. त्यात ठेवीवरचे बुडालेले व्याज धरा. ३ लाखांवर ७ टक्क्यांनी वर्षाचे २१,००० होतात.

आता स्वतःला विचारा, गाडी कशासाठी हवी आहे? वर्षातून चार वेळा गावी जायला हवी असेल, तर प्रत्येक खेपेला ६,००० रुपये देऊन भाड्याची गाडी केली, तरी २४,००० लागतात. तेवढ्यासाठी सव्वा लाखाचा वार्षिक खर्च अंगावर घेण्यात अर्थ नाही. पण घरात आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेण्याचे माणूस असेल, किंवा दुकानाचा माल रोज आणायचा असेल, तर हाच हिशेब उलटा होतो. पाच माणसे घेऊन फिरण्याची हौस हेही कारण आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. फक्त ती हौस आहे, हे हिशेब करताना घरात सर्वांना माहीत असावे.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. ती ठेव घरातली एकमेव शिल्लक असेल, तर गाडी पुढच्या वर्षी. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला राहिल्यावर जे उरते, ते गाडीचे पैसे.

ठेव मोडायची की कर्ज घ्यायचे

मुदतीआधी ठेव मोडली, तर ठरलेला व्याजदर मिळत नाही. ठेव जितके दिवस राहिली, तेवढ्या मुदतीचा दर लावून त्यातूनही बहुतेक बँका काही दंड कापतात. मुदत संपायला दोन-तीन महिने उरले असतील, तर ठेवीवरच कर्ज मिळते का, हे आपल्या शाखेत विचारा. त्याचा दर साधारणपणे ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो आणि मुदत पूर्ण झाली की ठेवीतून ते फिटते. करबचतीची पाच वर्षांची ठेव मात्र मध्येच मोडता येत नाही, हे लक्षात ठेवा.

जुन्या गाडीसाठी कर्ज मिळते, पण नव्या गाडीपेक्षा महाग. इथे एक जुनी युक्ती अजून चालते. दुकानदार किंवा वित्त कंपनीचा माणूस म्हणतो, "फक्त दहा टक्के." ते दहा टक्के 'फ्लॅट' असतात, म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत गेलात, तरी व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर चालू राहते. २ लाखांवर १० टक्के फ्लॅटने तीन वर्षांचे व्याज ६०,००० होते आणि हप्ता ७,२२२ रुपयांचा बसतो. हाच हप्ता उतरत्या शिलकीच्या पद्धतीने मोजला, तर खरा दर १८ टक्क्यांच्या जवळ जातो. त्याउलट बँक १४ टक्के उतरत्या शिलकीने देत असेल, तर हप्ता सुमारे ६,८३६ रुपये आणि एकूण व्याज सुमारे ४६,००० येते. 'दहा' ऐकायला गोड, पण 'चौदा' स्वस्त.

हे ओळखण्याची सोय रिझर्व्ह बँकेने करून दिली आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी किरकोळ कर्ज देताना ग्राहकाला 'की फॅक्ट स्टेटमेंट' हे पत्रक द्यावेच लागते. त्यात प्रक्रिया शुल्कासकट सगळा खर्च धरून काढलेला वार्षिक दर एका आकड्यात छापलेला असतो. दोन ठिकाणची पत्रके शेजारी ठेवा आणि तेवढा एक आकडा ताडून पाहा. पत्रक देत नाही म्हणणाऱ्याकडून कर्ज घेऊ नका.

कागद आधी पाहा

गाडी पाहायला जाण्याआधी फोनवर नंबर मागा. परिवहन खात्याच्या 'वाहन' संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, विम्याची मुदत आणि कर्जाचा बोजा दिसतो. घरबसल्या पाच मिनिटांत निम्म्या गाड्या यादीतून गळतात. थकलेली ई-चलने वेगळ्या संकेतस्थळावर दिसतात, तीही पाहा. काही गाड्यांवर गाडीच्या टायरपेक्षा जास्त किमतीची चलने असतात आणि गाडी नावावर करायला गेलो की ती आडवी येतात.

आरसी पुस्तक हातात घेतल्यावर तीन गोष्टी ताडा. चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवर प्रत्यक्ष वाचून अक्षर-अक्षर जुळवा. क्रमांकाच्या जागी घासलेले किंवा नव्याने वेल्डिंग केलेले दिसले, तर चहाही न घेता परत फिरा. मालकाचे नाव विकणाऱ्याच्या आधार किंवा पॅन कार्डाशी जुळवा. आणि 'मालक क्रमांक' पाहा. एकहाती सांगितलेली गाडी तिथे तिसऱ्या हातची निघते.

आरसीवर बँकेचे किंवा वित्त कंपनीचे नाव असेल, तर कर्ज फिटले असले तरी बोजा उतरलेला नाही. विकणाऱ्याने बँकेचे ना-हरकत पत्र आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ द्यायला हवा. हे पत्र सहसा तीनच महिने चालते, म्हणून तारीख बघा. "पत्र नंतर देतो" हे उत्तर घेऊ नका. कर्ज अजून चालू असेल, तर विकणाऱ्यासोबत त्याच्या बँकेत जा, उरलेली रक्कम थेट कर्जखात्यात भरा आणि बाकीची त्याला द्या.

मूळ मालक वारलेला असेल, तर गाडी आधी वारसाच्या नावावर व्हायला हवी. त्यासाठी फॉर्म ३१ असतो. मुलगा सज्जन आहे, वडिलांची गाडी विकतो आहे, सगळे खरे असते, तरीही सही वडिलांची लागते आणि ती आता मिळणार नाही.

परराज्यातली गाडी स्वस्त दिसते. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेंगळुरू अशा ठिकाणी राहणाऱ्या आपल्या माणसांना हा प्रश्न नेहमी पडतो. बदली झाली की गाडी नेऊ की विकू? मोटार वाहन कायद्यानुसार दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर तिथली नोंदणी घ्यावी लागते. त्यासाठी आधीच्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, लागते आणि नव्या राज्याचा रस्ता कर भरावा लागतो. आधीच्या राज्याकडून उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा मागता येतो, पण तो मिळायला वेळ आणि चिकाटी लागते. म्हणून परराज्यातल्या गाडीची तुलना कर भरून झालेल्या किमतीशीच करा. दिल्ली परिसरातली जुनी डिझेल गाडी पाहत असाल, तर जास्त सावध राहा. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन आदेशांनी निर्बंध आले आणि ते आदेश पुढे बदलतही गेले. म्हणूनच तिथल्या गाड्या देशभर स्वस्तात पाठवल्या जातात. ना-हरकत प्रमाणपत्र हातात असल्याशिवाय अशा गाडीवर एक रुपयाही देऊ नका.

नोंदणीचे वयही मोजा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी वाढवावी लागते आणि एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाची फी बरीच वाढली आहे. तेरा वर्षांची गाडी घेणाऱ्याने हा खर्च आजच किमतीतून वजा करावा. सीएनजीची गाडी असेल, तर किट आरसीवर चढवलेले आहे का आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झाली आहे का, हे पाहा. टाकीच्या पाटीवर तारीख कोरलेली असते.

गाडीपाशी

सकाळी जा, उजेडात जा, पावसात जाऊ नका. ओल्या गाडीवर सगळा रंग सारखाच चमकतो. जाण्याआधी सांगून ठेवा की इंजिन चालू करून ठेवू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागले, तर कोणीतरी आधीच गाडी तापवली आहे आणि थंड इंजिन सुरू करताना काय होते, ते तुम्हाला दिसू द्यायचे नाही. थंड गाडी सुरू करायला लावा आणि मागे उभे राहून धूर पाहा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा म्हणजे इंधन नीट जळत नाही. थंडीत सुरुवातीला थोडी वाफ सगळ्याच गाड्या सोडतात, पण गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर इंजिनात पाणी शिरत असण्याची शक्यता आहे. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा पांढरट थर दिसला, तर तोही त्याच आजाराकडे बोट दाखवतो. रोज जेमतेम दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत थोडा थर निरुपद्रवी कारणानेही येतो, म्हणून शेवटचा शब्द मिस्त्रीचा.

मीटरवर जाऊ नका. किलोमीटर मागे फिरवणे हा या बाजारातला सर्वांत सोपा उद्योग आहे. घरगुती गाडी वर्षाला साधारण दहा-बारा हजार किलोमीटर चालते. आठ वर्षांच्या गाडीवर ३२ हजार दिसले, तर ब्रेक आणि क्लचच्या पॅडलचे रबर पाहा, स्टिअरिंगची घासलेली चामडी पाहा, चालकाच्या सीटची दबलेली कड पाहा. रबर गुळगुळीत झालेले आणि मीटर ३२ हजार, हे जमत नाही. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नंबर सांगून मागच्या नोंदी मिळतात का, ते मालकाला सोबत घेऊन विचारा. प्रत्येक नोंदीत त्या दिवशीचे किलोमीटर असतात. २०२१ मध्ये ७१ हजार आणि आज ३२ हजार, असे निघाले की बोलणे संपले.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. गाडी २०१६ ची, मीटर २५ हजारांचे आणि टायर बदललेले, असे दिसले तर विचारा, इतक्या लवकर का बदलले? नक्षीच्या खाचांत मध्ये मध्ये उंचवटे असतात. रबर त्यांच्या पातळीला आले, म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली आहे आणि टायर बाद आहे. टायर एकाच बाजूने झिजला असेल, तर गाडीची खालची बाजू कधीतरी जोरात आपटली असावी.

अपघात लपवता येतो, पण पूर्ण नाही. दाराच्या कडेचे रबर थोडे बाहेर ओढा. खाली कंपनीच्या वेल्डिंगचे ठिपके सारख्या अंतरावर दिसतात. डेंटिंगवाल्याने ठोकलेल्या जागी ते ठिपके नसतात किंवा वेडेवाकडे असतात. बॉनेट आणि दारांच्या बिजागरीचे बोल्ट पाहा. पाना लागला की रंग उडतो. पत्र्यावर मऊ कापडात गुंडाळलेले छोटे चुंबक फिरवा. जिथे पुट्टी भरली आहे, तिथे ते धरत नाही. बंपर प्लास्टिकचा असतो, तिथे हा प्रयोग करून कोणावर आरोप करू नका. मागून आलेला लहानसा ठोकर ही फारशी चिंतेची गोष्ट नाही. बॉनेटखालचे दोन आडवे-उभे सांगाडे वाकून सरळ केलेले असतील, तर मात्र गाडी सोडा.

यापेक्षाही वाईट म्हणजे पाण्यात बुडालेली गाडी. मुंबईचा २६ जुलै २००५, चेन्नईचा डिसेंबर २०१५, केरळचा ऑगस्ट २०१८, अशा प्रत्येक पुरानंतर हजारो गाड्या विमा कंपन्यांनी पूर्ण नुकसानीत काढल्या. दुरुस्तीचा खर्च विमा किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की तसे करतात. अशा गाड्या लिलावात जातात. काहींचे सुटे भाग होतात, काही धुऊन-पुसून दूरच्या शहरात पुन्हा विक्रीला येतात. पहिले सहा महिने त्या छान चालतात, मग वायरिंग कुजू लागते. ओळखायचे असेल, तर सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहिलेली असते, कारण तिथपर्यंत कोणी धुवत नाही. सीट ज्या रुळांवर सरकते, त्यांचा गंज पाहा. पायातला गालिचा उचलून वास घ्या. गाडीत भरमसाठ अत्तर मारले असेल, तर काचा बंद करून पाच मिनिटे बसा. स्टेपनीच्या खळग्यात हात घाला.

एक ओळखण्यासारखा प्रकार टॅक्सी म्हणून धावलेल्या गाडीचा. पिवळी पाटी उतरवून खासगी पांढरी पाटी घेता येते, तो रूपांतराचा रीतसर मार्ग आहे. पण चार वर्षे दिवसरात्र चाललेल्या गाडीचे इंजिन चार वर्षांचे राहत नाही. मागची सीट पुढच्या सीटपेक्षा जास्त झिजलेली असेल, तर विचारा. घरगुती गाडीत असे क्वचितच होते.

मग चालवून पाहा आणि थोडी नाही, निदान अर्धा तास. रेडिओ बंद ठेवा. मोकळ्या रस्त्यावर हात सैल सोडला की गाडी एका बाजूला ओढते का? ब्रेक मारल्यावर? खड्ड्यात खडखड कुठून येते? उभ्या गाडीचा हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये हळूहळू क्लच सोडा. गाडी बंद पडली, तर क्लच ठीक. बंद न पडता इंजिन नुसते घोंघावत राहिले, तर क्लच संपला आहे. त्याचा खर्च लिहून घ्या.

हे सगळे करूनही तुम्ही मिस्त्री नाही. हजार-दीड हजार रुपये देऊन स्वतःचा मिस्त्री न्या. विकणाऱ्याने सुचवलेला नको. गाडी जॅकवर घेऊन खालून दाखवायला विकणारा तयार नसेल, तर उत्तर मिळाले असे समजा. मिस्त्रीला "गाडी कशी आहे" असे विचारू नका, तो "बरी आहे" म्हणतो. त्याला विचारा, "येत्या वर्षात यावर किती खर्च येईल?" त्या आकड्यावर भावाची बोलणी उभी राहतात.

भाव करताना विमा पॉलिसीवरची आयडीव्ही ही रक्कम हाताशी ठेवा. पाच वर्षांपर्यंत ती ठरलेल्या घसाऱ्याने उतरते, म्हणजे तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. बाजारभाव म्हणजे आयडीव्ही नव्हे, पण विकणारा तिच्यापेक्षा बराच वर असेल, तर का, हे विचारायला निमित्त मिळते.

पैसे देताना

जाहिरातीत गाडी विलक्षण स्वस्त आणि विकणारा लष्करात, तातडीने बदली झालेला, गाडी तळावर उभी, आधी थोडे पैसे पाठवा म्हणजे पाठवून देतो, ही कथा ऐकलीत की फोन ठेवा. फसवणुकीचा हा साचा देशभर चालतो. कोणी पैसे 'परत करतो' म्हणून क्यूआर कोड पाठवला, तर लक्षात ठेवा, पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. फसलातच, तर त्याच तासाला १९३० वर फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.

इसारा म्हणून पाच-दहा हजारांवर देऊ नका आणि त्याची पावती घ्या. कागद किंवा तपासणीत दोष निघाला, तर इसारा परत मिळेल, असे त्यावर लिहून घ्या. उरलेली रक्कम आरसीवर ज्याचे नाव आहे, त्याच्याच खात्यात बँकेमार्फत पाठवा. एजंटच्या नाही, मेहुण्याच्या नाही. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारणाऱ्याला आयकर कायद्यानुसार तेवढाच दंड होऊ शकतो. "रोखीत दहा हजार कमी करतो" म्हणणारा तुमचा पुरावा विकत मागतो आहे.

व्यापाऱ्याकडून घेत असाल, तर तो अधिकृत आहे का, ते पाहा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना परिवहन खात्याकडून प्राधिकार घेण्याची तरतूद लागू आहे. मालकाने गाडी अशा व्यापाऱ्याकडे दिल्याची नोंद आरटीओकडे होते आणि मधल्या काळात त्या गाडीची जबाबदारी व्यापाऱ्यावर राहते.

नावावर करणे

सर्वांत महाग पडणारा आळस इथला. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्यायच्या, कोरे कागद कप्प्यात ठेवायचे आणि "बघू नंतर". एजंट यालाच ओपन पेपर म्हणतात. काही एजंट मुद्दाम तसे ठेवतात, कारण गाडी पुन्हा विकताना मधले नाव दिसत नाही.

मी स्वतः एकदा स्कूटर विकली आणि घेणाऱ्यावर विश्वास ठेवून बसलो. दीड वर्षाने माझ्या घरी सिग्नल तोडल्याची चलने येऊ लागली. चलनांवर भागले, हे माझे नशीब. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या खटल्यात निकाल दिला. गाडी हातोहात पुढे विकली गेली होती, पण आरटीओच्या नोंदीत पहिल्याच मालकाचे नाव होते. न्यायालयाने नोंदीतल्या मालकालाच भरपाईसाठी जबाबदार धरले. विकणाऱ्यालाही हे सांगा. नावावर करण्याची घाई त्यालाही व्हायला हवी.

कायदा सोपा आहे. एकाच राज्यात विक्री असेल, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. ताबा घेताना दोघांच्या सहीचा एक कागद करा. त्यावर तारीख, वेळ, मीटरचे किलोमीटर आणि किती चाव्या मिळाल्या ते लिहा. वेळ विसरू नका. सकाळी अकराला ताबा घेतला आणि त्याच दिवशी सकाळी नऊचे चलन निघाले, तर ते कोणाचे, हा वाद मिटतो.

विमा वेगळा. गाडी विकली की समोरच्याच्या नुकसानीचा भाग आपोआप तुमच्याकडे येतो, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा भाग येत नाही. १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी नावावर करा. हे राहिले आणि पंधराव्या दिवशी गाडी ठोकली, तर पॉलिसी हातात असूनही दुरुस्तीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. चालक-मालकाचे अपघात संरक्षणही जुन्याच मालकाचे राहते. आणखी एक, 'नो क्लेम बोनस' गाडीचा नसून माणसाचा असतो. विकणारा तो आपल्या पुढच्या गाडीला लावू शकतो, म्हणून पॉलिसी नावावर करताना त्या सवलतीचा फरक तुमच्याकडून मागितला जातो. हे ठाऊक नसल्यामुळे अनेकजण विमा कंपनीशी उगाच भांडतात.

फास्टॅग विकणाऱ्याच्या खात्याला आणि केवायसीला जोडलेला असतो. त्याला तो बंद करायला सांगा आणि तुमच्या नावाचा नवा घ्या. नाहीतर तुमचा टोल त्याच्या खात्यातून कापला जाईल आणि एक दिवस तो रागाने बंद करील, बहुधा तुम्ही टोलनाक्यावर उभे असताना. नवे आरसी कार्ड टपालाने येईल. पाकीट फोडल्यावर नावाचे स्पेलिंग, पत्ता, चेसिस क्रमांक आणि कर्जाचा रकाना वाचा. चूक असेल, तर त्याच आठवड्यात आरटीओला कळवा आणि जुन्या आरसीची प्रत, ताब्याचा कागद व पैसे पाठवल्याची बँकेची नोंद एकाच फाइलमध्ये, ठेवीच्या उरलेल्या पावत्यांशेजारी ठेवा.